पहिलीत येणारे मूल आणि त्याचा शाळेचा दिवस

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात दोन तऱ्हेची मुले दिसतात. काहींना शंभरपर्यंत आकडे पाठ असतात, पण डब्याचे झाकण निघत नाही म्हणून सुट्टीत ती डबा मांडीवर घेऊन नुसती बसून राहतात. काहींना एकही अक्षर माहीत नसते. पण तहान लागली की ती उठून पाणी पितात, पेन्सिल मोडली की शेजारच्याकडे मागतात, पोटात दुखले की बाईंचा पदर ओढतात. दिवाळीपर्यंत ही दुसरी मुले वाचायला लागलेली असतात आणि पहिल्यांपैकी कितीतरी जण अजून शाळेला बिचकत असतात. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षे घेतल्यावर माझे मत पक्के झाले आहे. सहा वर्षांच्या मुलाला शाळेचा दिवस स्वतःच्या हातांनी पार पाडता येणे हीच खरी पूर्वतयारी. अक्षरे शिकवायला आम्ही आहोत.

त्यासाठी पालकांनी कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत ते पुढे सांगते. माझ्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची आणि नगरपालिका-महापालिकेची मराठी शाळा आहे. खासगी शाळेत मूल घालणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

१. प्रवेश घेताना रजिस्टरमधली ओळ वाचा

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षे पूर्ण होत असतील तर ते पहिलीत बसते. शेजारचे मूल गेले म्हणून आपले लहान मूल घाईने पुढे ढकलू नका. या वयात सहा महिन्यांचा फरकसुद्धा बोटांच्या ताकदीत दिसतो. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर न्या. दाखला नसेल तरी मुलाला घेऊन जाच. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतली नोंद किंवा पालकांनी लिहून दिलेले घोषणापत्र चालते. वर्ष अर्धे सरले असले तरी प्रवेश मिळतो. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणे याच कायद्याने बंद केले आहे.

यानंतरचे काम बहुतेक पालक करत नाहीत. मुख्याध्यापक मुलाचे नाव जनरल रजिस्टरमध्ये लिहितात. हे जाडजूड, आडव्या रकान्यांचे रजिस्टर शाळेच्या कपाटात कायमचे राहते आणि त्यातली एक ओळ मुलाला जन्मभर लागते. दहावीचा फॉर्म, जातीचा दाखला, जात पडताळणी, नोकरी, सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि तो या ओळीवरूनच उतरवला जातो. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो याच रजिस्टरमुळे. आईबापांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी शाळेच्या हिशेबाने ती लिहून टाकली.

म्हणून नोंद झाली की "जरा वाचून बघू का?" असे विचारा आणि बोट ठेवून वाचा. मुलाचे नाव, वडिलांचे, आईचे, आडनाव. ऱ्हस्व-दीर्घ जन्मदाखल्याप्रमाणे आहे का? जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का? जन्मगाव, तालुका, जिल्हा बरोबर आहे का? जातीच्या रकान्यात वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचेच शब्द उतरले आहेत का? इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवा, कारण यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदीत तेच जाते. सख्ख्या भावंडांची आडनावे दोन तऱ्हेने लिहिलेली मी पाहिली आहेत, आणि पुढे त्यांच्या वडिलांनी घातलेले हेलपाटेही. चूक सुरुवातीलाच दाखवून दिली तर दुरुस्ती सोपी असते. वर्षे लोटली की प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि मुलाने शाळा सोडल्यावर तर काम फारच अवघड होते. दहा मिनिटे लागतात, ती द्याच.

२. मे महिन्यात हातांना कामे द्या

सुरुवात नावापासून. घरी मूल परी, दादू, छकुली, पिल्लू असते. शाळेत हजेरी घेताना पूर्ण नाव पुकारले जाते आणि मूल शांतपणे इकडेतिकडे बघत बसते. ते नाव आपलेच आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पहिल्या आठवड्यात दरवर्षी असे होते. तेव्हा मे महिन्यात रोज एकदा घरीच हजेरी घ्या. पूर्ण नाव पुकारा, मुलाला "हजर" म्हणू द्या. आई-वडिलांचे नाव, गाव किंवा वाडी, आणि एक मोबाइल नंबर पाठ करून घ्या. नंबर चालीवर म्हटला की लवकर बसतो.

मग डबा. शाळेत जो देणार तोच मे महिन्यापासून वापरा. चारही बाजूंनी पट्ट्या लागणारे प्लॅस्टिकचे डबे दुकानात देखणे दिसतात; पण ती पट्टी उचलायला अंगठ्याच्या टोकात जो जोर लागतो तो या वयात नसतो. दाबून बसवायच्या झाकणाचा नवा स्टीलचा डबाही घट्ट असतो. डबा भरून मुलासमोर ठेवा आणि तुम्ही हात मागे घेऊन बसा. मूल आधी दोन्ही हातांनी ओढेल, मग पोटाशी धरेल, मग तुमच्याकडे बघेल. लगेच पुढे होऊ नका. झाकणाच्या कडेखाली अंगठा कुठे लावायचा ते एकदा दाखवा आणि पुन्हा त्याच्याकडे द्या. आठवडाभरात जमले नाही तर दुसरा डबा घ्या. उघडलेला डबा बंदही करता आला पाहिजे, नाहीतर भाजीचे तेल पुस्तकाला लागते आणि तो वास मार्चपर्यंत जात नाही. पाण्याच्या बाटलीलाही हीच परीक्षा लावा.

कपड्यांचे बघा. गणवेश ढगळ आला तर कमरेला पिन लावून पाठवू नका, इलॅस्टिक घालून घ्या. हूक आणि नाडी या दोन्ही गोष्टी घाईच्या वेळी मुलाला जमत नाहीत. ओल्या चड्डीमागचे कारण बऱ्याचदा एवढेच असते की ती वेळेवर खाली करता आली नाही.

स्वच्छतागृहाचा विषय पालक टाळतात, म्हणून मी मुद्दाम सविस्तर सांगते. शाळेत बसायचे संडास असतात. घरी कमोडची किंवा उघड्यावरची सवय असेल तर मूल तिथे जायला घाबरते आणि दिवसभर दाबून धरते. मुली तर लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उकिडवे बसणे, स्वतः धुणे, पाणी ओतणे, साबणाने हात धुणे हे घरी शिकवा. कडी आतून लावायला शिकवताना ती उघडायलाही शिकवा. आत अडकलेल्या मुलाची भीती पुढे महिनोन्‌महिने जात नाही. आणि एक वाक्य तोंडात बसवा: "बाई, मला शू लागली." वर्गात हे मोठ्याने म्हणायला लाज वाटत असेल तर करंगळी दाखवायची खूण बहुतेक शाळांत चालते.

घरची भाषा वेगळी असेल तर एक काम जास्तीचे. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे, नंदुरबारकडचे पावरी किंवा भिली बोलणारे, तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे, खानदेशातले अहिराणी बोलणारे मूल वर्गात गप्प बसले की लोक त्याला मठ्ठ समजतात. पहिल्याच दिवशी बाईंना पाच शब्द लिहून द्या: पाणी, शू, शी, "दुखतंय" आणि "घरी जायचंय" यांना तुमच्या घरात काय म्हणतात ते. अशी चिठ्ठी हातात आली तर शिक्षकाचे निम्मे काम होते. मुलाला उलट बजावू नका की शाळेत घरची भाषा बोलायची नाही. बोलणे सुरू राहिले तर मराठी त्याच्यामागून येते.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास "पहिले पाऊल" या नावाने शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. २०२२ पासून हे अभियान राज्यात चालू आहे. मुलाला उड्या मारायला, रंग भरायला, वस्तूंची वर्गवारी करायला लावतात आणि त्याला काय जमते, काय नाही, हे पालकांना कार्डावर लिहून देतात. वस्तीतल्या आयांचे माता गट तयार होतात. मेळाव्याला आईने जावेच, आणि जमेल तर वडिलांनीही.

३. पहिला आठवडा

राज्यात शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे. त्याआधी एक-दोनदा मुलाबरोबर शाळेच्या वाटेने चालत जा. रस्ता कुठे ओलांडायचा, ओढ्याला पाणी आले तर कोणत्या बाजूने यायचे, कुत्री कुठे बसतात, हे चालताना दाखवा. शाळेचे आवार, नळ आणि स्वच्छतागृह आतून पाहू द्या.

मूल रडणार. बरीच मुले रडतात. दारात उभे राहून समजूत घालत बसलात तर रडणे लांबते. "खिचडी खाऊन, खेळून झालं की आजी न्यायला येईल," असे खरे काय ते सांगा आणि निघा. "चॉकलेट घेऊन लगेच येते" असे खोटे सांगून पळू नका. मूल दिवसभर दाराकडे बघत बसते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सांगितलेल्या वेळी मात्र कोणीतरी दारात हवेच. न्यायला येणाऱ्या दोघांची नावे आणि नंबर वर्गशिक्षकांकडे लिहून द्या, आणि मुलाला सांगा की यांच्याशिवाय कोणाबरोबरही निघायचे नाही, ओळखीचे काका असले तरी.

"थांब, बाईंना सांगते" ही धमकी घरातून हद्दपार करा. घरात ज्या माणसाच्या नावाने भीती घातली, त्याच माणसाकडून मुलाने शिकावे अशी अपेक्षा कशी धरता येईल?

४. दिवस कसा जातो ते माहीत करून घ्या

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुधा दहा-साडेदहाला भरतात आणि पाचच्या आसपास सुटतात. शनिवारी सकाळची शाळा असते. तुमच्या शाळेचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दिवसाची सुरुवात परिपाठाने. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, एखादी गोष्ट. उशिरा आलेले मूल हे सगळे फाटकापाशी उभे राहून बघते आणि वर्गात खाली मान घालून शिरते. पाच मिनिटे आधी पोचणारे मूल मित्रांबरोबर रांगेत उभे असते. घंटेच्या आत पोचवा, एवढीच विनंती.

मग हजेरी, आणि भाषा-गणिताच्या तासिका. पहिलीला बालभारतीची पुस्तके मोफत मिळतात, शाळेच्या पहिल्या दिवसापासून. अक्षरे वर्णमालेच्या क्रमानेच येतील असे धरू नका. पहिल्या काही अक्षरांतून लगेच शब्द तयार व्हावेत, अशा बेताने त्यांचे गट केलेले असतात. घरी त्याच वेळी अ-आ-इ-ई घोकून घेतले तर मुलाचा गोंधळ होतो. पुढे दुसरीत संख्या वाचतानाही असेच होते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात "एकवीस"बरोबर "वीस एक" असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला होता! घरची पद्धत आणि वर्गातली पद्धत वेगळी दिसली तर मुलासमोर "तुझ्या बाई चुकीचं शिकवतात" असे म्हणू नका. येऊन विचारा.

मूल जमिनीवर बसकरपट्टीवर बसते. सलग मांडी घालून बसायची सवय नसेल तर घरी जेवताना खाली बसवा.

५. खिचडीची वेळ

शाळेतल्या जेवणाला सगळे खिचडी म्हणतात. सरकारी नाव शालेय पोषण आहार, आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून साधारण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. कधी मुगाची खिचडी, कधी मटकीची उसळ-भात, कधी वरण-भात. त्या दिवशी काय आहे ते फलकावर असते. वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची असते.

पालकांनी इथे चार गोष्टी कराव्यात. मुलाला स्वतःच्या हाताने भात कालवून खाता येईल असे करा. पहिलीत येईपर्यंत भरवली गेलेली मुले ताटापुढे बसून राहतात. जेवण शाळेत आहे म्हणून सकाळी उपाशी पाठवू नका, कारण परिपाठात चक्कर येऊन पडणारी मुले बहुधा सकाळी काही न खाता आलेली असतात. शेंगदाणे, दूध, अंडे अशा कशाची ॲलर्जी असेल तर तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. आणि महिन्यातून एखाद्या दिवशी जेवणाच्या वेळी शाळेत जा. तांदूळ निवडलेला आहे का, भाजी दिसते का, ताटे कुठे धुतात, पाण्याची टाकी झाकलेली आहे का, हे बघा. दोन घास खाऊन बघा. तो तुमचा हक्क आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताई फार थोड्या मानधनावर चुलीपुढे उभ्या असतात. त्यांच्याशी आदराने बोला आणि काही कमी दिसले तर मुख्याध्यापकांना सांगा.

सगळी मुले एका पंगतीत बसतात. कोणाशेजारी बसायचे आणि कोणाशेजारी नाही, असे काही घरून शिकवून पाठवू नका. हे मी कळकळीने सांगते. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात जात स्वतःहून येत नाही.

६. संध्याकाळ आणि आदली रात्र

घरी आल्यावर आधी बाटली हातात घेऊन बघा. सकाळी भरून दिलेली बाटली तशीच परत आली असेल तर मूल दिवसभर पाणी प्यायलेले नाही. त्याचे कारण शोधा: झाकण उघडत नाही, की स्वच्छतागृह घाण आहे, की दाराला कडी नाही? डबा उघडून बघा. चप्पल, रुमाल, पेन्सिल बघा. यातून जेवढे कळते तेवढे "आज काय शिकवलं?" या प्रश्नातून कळत नाही, त्याला "काही नाही" हेच उत्तर येते. "आज खिचडीत काय होतं? कोणाशेजारी बसलीस? कोण रडलं?" असे विचारले की दिवस उलगडत जातो.

पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये आणि दप्तराचे वजन दीड किलोच्या वर जाऊ नये, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्येच राज्यांना कळवले आहे. तेव्हा "बाई, घरी लिहायला काहीच देत नाही" अशी तक्रार आणू नका. रोज पंधरा-वीस मिनिटे मुलाजवळ बसा, टीव्ही आणि मोबाइल बंद करून. त्याच्या पुस्तकातले चित्र बघून त्याला बोलू द्या, एक गोष्ट वाचून किंवा सांगून दाखवा. वाचता येत नसलेल्या आईनेही बसावे. "तू वाच, मी ऐकते" म्हणणारी आई पहिलीच्या मुलाला फार मोलाची असते. दहा वेळा, वीस वेळा एकच अक्षर लिहून घेणे थांबवा. बोटे दुखतात आणि वहीचा राग येतो.

दप्तर रात्री भरा, आणि मुलाकडून भरून घ्या. पावसाळ्यात पुस्तकांना प्लॅस्टिकची पिशवी, एक सुकी चड्डी आणि छोटा टॉवेल. पाटी, पेन्सिल, खोडरबर, बाटली यांच्यावर नाव. पेन्सिलीला घरीच टोक करून द्या. नऊच्या सुमाराला मूल झोपले पाहिजे. दुपारी वर्गात पेंगणारी मुले रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत होती, हे चौकशी केली की कळतेच.

७. आजारपण, गोळ्या, गैरहजेरी

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर डोस असतो. अंगणवाडी सुटली आणि शाळा लागली या मधल्या काळात तो हमखास राहून जातो; कार्ड काढून बघा. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मूल हजर असू द्या. कमी दिसणे, कमी ऐकू येणे, हृदयाचा दोष अशा गोष्टी इथे सापडतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा देतात, ती चावून खायची असते. लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. मूल आधीच आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर बाईंना आधी सांगा.

ताप, उलट्या, गोवर-कांजिण्या, डोळे येणे असे काही असेल तर घरी ठेवा आणि फोन करून कळवा. मात्र लग्न, जत्रा, बाजार, "आज कंटाळा आला म्हणतोय" अशा कारणांनी ठेवू नका. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते. त्यातले तीस-चाळीस दिवस असे किरकोळ कारणांनी गेले की अक्षरांची साखळी मधेच तुटते. त्या तुटलेल्या कडीपासून पुढे सगळेच अवघड जाते, आणि घरी मात्र "याच्या डोक्यात शिरत नाही" असा निष्कर्ष निघतो.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचे. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून टोळ्या निघतात त्या एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शक्य असेल तर मूल आजीआजोबांकडे ठेवा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, ते मुख्याध्यापकांना विचारा. बरोबर नेणारच असाल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि पुस्तके सोबत न्या. कारखान्यावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत ते कार्ड दाखवा. दाखला आला नाही म्हणून मुलाला बसवून न घेणे कायद्यात बसत नाही. परत आल्यावर त्याच कार्डासह मूळ शाळेत या. एवढे केले तर पहिलीचे वर्ष वाचते.

८. बाईंशी बोलणे आणि शाळेत तुमची जागा

वर्ग चालू असताना दारात उभे राहून बोलू नका; समोर तीस मुले असतात. शाळा सुटल्यावर किंवा आधी वेळ विचारून या. तक्रार असेल तर नेमकी सांगा: कोणत्या दिवशी, काय झाले. मुलासमोर आवाज चढवू नका. शिक्षकाने मारले, सतत टोमणे मारले, सगळ्यांसमोर अपमान केला तर गप्पही बसू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहेत. आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. शाळेतल्या शिक्षकाने स्वतःच्या शिकवण्या घ्यायला कलम २८ ने मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. स्वच्छतागृहाची कडी, नळाची तोटी, गळके छप्पर, पोषण आहार, हे सगळे या समितीच्या बैठकीत मांडता येते. निवडीच्या पालकसभेला न जाता नंतर पारावर बसून शाळेला नावे ठेवणारे पालक मी खूप पाहिले. सभेला जा. विशेषतः आयांनी जावे, आणि सहीपुरते न बसता बोलावे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. कपड्यांनी झाकलेल्या अंगाला कोणी हात लावला, दुखवले, "कोणाला सांगू नको" म्हटले, तर लगेच आईला सांगायचे, हे मुलाला आणि मुलीला दोघांनाही शिकवा. शरीराच्या अवयवांची नावे न लाजता सांगा. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती आहे का ते विचारा. मूल अचानक शाळेला जायला नकार देऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, एखाद्या माणसाला टाळू लागले तर रागावू नका, जवळ घेऊन ऐका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक रात्रंदिवस आणि फुकट चालतो. रिक्षा किंवा व्हॅनने पाठवत असाल तर चालकाची ओळख, गाडीचा नंबर आणि आत किती मुले कोंबतात, हे स्वतः उभे राहून बघा.

९. दिवाळीआधीचे प्रगतिपत्रक

पहिले सत्र संपताना संकलित मूल्यमापन होते. पहिली-दुसरीला १०० पैकी फक्त ३० गुण या चाचणीचे असतात. ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्गात रोज दिसणाऱ्या कामाचे: मूल काय बोलते, काय करून दाखवते, गटात कसे वागते. चाचणीच्या आदल्या रात्री घोकून घेण्यात म्हणून काहीच अर्थ नाही.

बहुतेक शाळांत प्रगतिपत्रकावर अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. पालक तेवढी श्रेणी बघतात, शेजारच्या मुलाची विचारतात आणि सही करतात. त्याच कागदावर शिक्षकाने हाताने लिहिलेल्या नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. ते तीन रकाने सावकाश वाचा. "जोडशब्द वाचताना अडखळतो", "गटात बोलत नाही", "चित्रे मनापासून काढतो" असे जे लिहिले असेल त्याबद्दल विचारा. कोणत्या दिवसापासून असे दिसते? घरी काय करू? दोन ओळींचे उत्तर वहीत लिहून घ्या आणि सुट्टीत तेवढेच करा. मुलासमोर आवडीचा रकाना आधी वाचा.

आणि शेवटची एक विनंती. दिवाळीनंतर शाळा कधी उघडणार ती तारीख प्रगतिपत्रक घेतानाच विचारून ठेवा. मामाच्या गावाहून आदल्या दिवशी परत या आणि दुसऱ्या सत्राच्या पहिल्या घंटेला मूल वर्गात असू द्या.